नवीन कार्ड टाकल्यापासून गेममध्ये कॉम्प्युटर बंद पडतोय? कार्ड परत करण्याआधी हे तपासा

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, डिस्प्ले आला, ड्रायव्हर टाकला, दुपारी दोन तास गेमही झाला. आणि संध्याकाळी सात-साडेसातला, खेळ ऐन रंगात आलेला असताना, कॉम्प्युटर फट्‌कन बंद. निळा स्क्रीन नाही, कसली सूचना नाही. परत चालू केला की तासभर ठीक, मग पुन्हा तेच. ही तक्रार घेऊन बेळगाव भागातल्या वडगाव, शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणी, सगळीकडची पोरं माझ्याकडे आली आहेत. बहुतेकांनी येताना कार्ड डब्यात घालून आणलेलं असतं, परत करायचं ठरवूनच.

थांबा. आपल्या भागात या तक्रारीत कार्ड खराब निघण्याचे प्रसंग मी फार कमी पाहिलेत. बहुतेक वेळा दोष भिंतीतल्या सॉकेटपासून कार्डाच्या कनेक्टरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी असतो. कार्ड फक्त तो दोष उघडा पाडतं.

आधी लक्षण नीट ओळखा, कारण तीन वेगवेगळ्या आजारांना आपण एकच नाव देतो. स्क्रीन काळा झाला पण गेमचा आवाज येत राहिला, किंवा कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरू लागले, तर मशीन चालू आहे, फक्त कार्डाने मान टाकली आहे. स्क्रीनवर चौकटी, रंगीत ठिपके, फाटलेली चित्रं येत असतील तर कार्डाची मेमरी किंवा तापमान बघायचं. आणि सगळंच एका क्षणात गेलं, पंख्यांसकट, कीबोर्डच्या दिव्यासकट, तर तो विजेचा प्रश्न. हे लिखाण मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळची नोंद शोधा. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. पुष्कळ जण ते वाचून एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) गेला असं ठरवून टाकतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’, म्हणजे विंडोजने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक, असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटल्याची शक्यता मोठी. ‘डिस्प्ले ४१०१’ अशी नोंद असेल तर गोष्ट वेगळी. ड्रायव्हरने ठरलेल्या दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तो परत सुरू केला, असा तिचा अर्थ. तिथे सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पूर्ण काढायचा आणि नवा टाकायचा. जुनं कार्ड एका कंपनीचं आणि नवं दुसऱ्या कंपनीचं असेल तर हे काम पहिल्याच दिवशी करून घ्या.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगतो, कारण सगळं त्यातूनच कळलं. मी जीटीएक्स १०५० टीआय काढून आरटीएक्स ३०६० बसवलं. जुनं कार्ड ७५ वॅटचं. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, त्यामुळे त्याला वेगळी केबलच लागत नव्हती. नवं १७० वॅटचं, वरून आठ पिनांची केबल मागणारं. एसएमपीएस तोच, कॅबिनेटसोबत आलेला, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेला. मी बेरीज केली: कार्ड १७०, रायझन ५ ५६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. तीनशेच्या घरात. साडेचारशे भरपूर झाले असं वाटलं. तरी मशीन दुपारी आणि संध्याकाळी बंद पडू लागलं.

ही बेरीज दोन ठिकाणी चुकते.

पहिली चूक लेबलवर दिसते. एसएमपीएस बाहेर काढा आणि बाजूचा तक्ता वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवर जगतात, म्हणून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. माझ्या डब्यावर तिथे २२ अँपिअर होते, म्हणजे २६४ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून साडेचारशेचा आकडा गाठलेला होता. चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टचा आकडा जवळजवळ एकूण आकड्याएवढाच असतो.

दुसरी चूक सरासरीची. कार्ड १७० वॅट घेतं ही सरासरी झाली. प्रत्यक्षात मिलिसेकंदाच्याही आत त्याची मागणी उसळते आणि खाली येते. ती उसळी सरासरीच्या कितीतरी वर जाऊ शकते. एसएमपीएसमधली संरक्षणाची व्यवस्था त्या उसळीला ओव्हरलोड समजते आणि मशीन बंद करते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात सोळा पिनांचा कनेक्टर देणाऱ्या एसएमपीएसने स्वतःच्या वॅटच्या दुपटीपर्यंतची क्षणिक उसळी सोसली पाहिजे अशी अट आली, ती याच त्रासामुळे. एनव्हिडिया ३०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तेही उगाच नाही.

मग मी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझवाला (हा कार्यक्षमतेचा शिक्का) एसएमपीएस घेतला. दुपारचं बंद पडणं थांबलं. संध्याकाळचं थांबलं नाही.

इथे मी चार दिवस अडलो. वडगावात आमच्या गल्लीत अजून पॉवरलूम चालतात. शेजारचे मागवाले काका एकदा सहज येऊन बसले होते तेव्हा हे घडलं. ते म्हणाले, “करंट डुलला की रे आता. आमचा माग पण हुंकारला बघ.” मला काहीच जाणवलं नव्हतं, कारण खोलीत एलईडी बल्ब. एलईडीच्या आतलं सर्किट असे झोके गिळून टाकतं, प्रकाश हलतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी देवघरातला जुना तारेचा झिरो बल्ब काढून कॉम्प्युटरच्याच बोर्डावर लावला, मॉनिटरशेजारी. संध्याकाळी तो डोळे मिचकावल्यासारखा मिचमिचत होता. आणि एकदा मिचकावला त्याच क्षणी मशीन बंद.

मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गल्लीत एका फेजवर पाच-सात माग असले आणि लाईट जाऊन आल्यावर ते एकदम सुरू झाले, तर त्या फेजचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो. खानापूर, चिकोडी भागात हेच काम उसाच्या मोटारी करतात. थ्री-फेज आली की ऑटो स्टार्टर लावलेले सगळे पंप एकदम उठतात. उद्यमबागेच्या आसपास राहणाऱ्यांना कारखान्यांच्या मोटारींचा हाच अनुभव असेल.

मग प्रश्न उरतो, हे झोके तर वर्षानुवर्षं येत होते, जुन्या कार्डावर काही होत नव्हतं, आत्ताच का? एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. बाहेरची वीज क्षणभर तुटली तर तो साठवलेल्या विजेवर मशीन चालवतो. चांगल्या एसएमपीएसकडून पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरण्याची अपेक्षा असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एक आवर्तन चुकलं तरी गाडी अवघड. पण लोड कमी असेल तर तोच कपॅसिटर जास्त वेळ पुरतो. जुन्या कार्डावर माझं मशीन गेममध्ये दीडशे वॅट खात होतं, तेव्हा झोका निभावून जायचा. नव्या कार्डावर तीनशे. घागर तीच, पाणी दुप्पट वेगाने उपसलं जातंय. झोका तेवढाच, पण आता घागर आधी रिकामी होते.

त्यामुळे तुमच्याकडे एसएमपीएस कमी पडतोय की बाहेरची वीज डुलतेय, हे वेगळं काढलं पाहिजे. बंद पडल्यानंतर मशीन कसं वागतं ते बघा. बटण दाबूनही दाद देत नाही, मागचा स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबल्यावरच चालू होतं, तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी कुलूप लावलेलं असण्याची शक्यता जास्त. लगेच चालू होतं, किंवा आपलं आपणच परत उठतं, तर झोक्याचा संशय धरा आणि झिरो बल्ब लावून एक संध्याकाळ बसा. दुसरी परीक्षा एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये: पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला. तसं करून दोन-तीन संध्याकाळी नीट गेल्या तर कार्ड बहुधा निरोगी आहे, वीज पुरत नाही. नवा एसएमपीएस येईपर्यंत असं चालवायलाही हरकत नाही. खेळात फार फरक जाणवत नाही.

एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेला लाल स्विच असेल तर तो जुन्या पद्धतीचा आहे. ॲक्टिव्ह पीएफसीवाला, म्हणजे आतल्या सर्किटने व्होल्टेज सांभाळून घेणारा नव्या पद्धतीचा, १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालतो, लाल स्विचवाल्याला व्होल्टेज पडलेलं सोसत नाही. पण म्हणून तो स्विच ११५ वर सरकवू नका. एका पोराने “व्होल्टेज कमी आहे म्हणून खाली केला की” म्हणत तसं केलं आणि एसएमपीएस जागच्या जागी फुटला. आणि बंद असला तरी एसएमपीएस उघडायचा नाही, आतला कपॅसिटर भरलेला राहतो.

केबलबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे नुसतं बंद पडण्यावर भागत नाही, आग लागते. जुन्या एसएमपीएसला आठ पिनांची केबल नसली की दुकानदार साटाचं (हार्ड डिस्क-एसएसडीला वीज देणाऱ्या कनेक्टरचं) अडॅप्टर हातात ठेवतो. साटाच्या पॉवर कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या पिना मिळून साडेचार अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॅटच्या आहेत. आठ पिनांच्या कनेक्टरवर कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. एका मशीनचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला, जळक्या प्लॅस्टिकचा. मग अडॅप्टर दिसला: पिवळ्या वायरींच्या मुळाशी पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मेणासारखं खाली ओघळलेलं. ते मशीन रोज रात्री मुलाच्या गादीपासून दोन हातांवर चालू असायचं. असं अडॅप्टर वापरू नका, कुणी फुकट दिलं तरी.

प्रोसेसरची आठ पिनांची केबलही दिसायला तशीच असते. ती चार-चारमध्ये सुटते, कार्डाची सहा-दोनमध्ये. दोन्हींत प्लस-मायनस उलटे असतात, म्हणून बसत नसेल तर जोर लावायचा नाही. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा, एकाच केबलच्या दोन शेंड्या वापरू नका. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस बदलताना त्याच्या केबलीही बदला, एका कंपनीच्या केबली दुसरीला चालतीलच असं नाही. नवीन सोळा पिनांचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेला पाहिजे, कार्ड आणि कनेक्टर यांच्यात फट दिसता कामा नये.

आता यूपीएस आणि इन्व्हर्टर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. लाईट गेल्यावर मशीन आणि मॉनिटर मिळून त्यावर आले की तो शिट्टी मारतो आणि सगळं घेऊन बंद होतो. लोक म्हणतात यूपीएसची बॅटरी गेली. बॅटरी ठीक असते, लोड मोठा झालेला असतो. गेमिंगच्या मशीनला १००० व्हीएच्या वरचा, साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा, घ्या. साध्या यूपीएसच्या बॅटरीवरची चौकोनी लाट काही ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएसना मानवत नाही. खानापूरकडच्या माझ्या आत्तेभावाचं मशीन घरच्या इन्व्हर्टरवर होतं आणि लाईट गेली की रीस्टार्ट व्हायचं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. त्याचा नॉर्मलवर होता. यूपीएसवर केल्यावर बदली लवकर होते, मशीनला कळतही नाही. त्याचं काम तेवढ्यात झालं. फ्रीजसाठीचा रिलेवाला स्टॅबिलायझर मात्र कॉम्प्युटरला लावू नका, टॅप बदलताना तो स्वतःच क्षणभर वीज तोडतो.

माझ्या घरी शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरची खोली दुसऱ्या फेजवर घेतली आणि बोर्डातला न्यूट्रलचा सैल स्क्रू आवळला. नंतर साइन वेव्हचा यूपीएस घेतला. तेव्हापासून मागाच्या वेळेतही मशीन चालतं. वायरिंगला स्वतः हात घालू नका. आणि घरात एका खोलीत दिवे मंद, दुसरीत भगभगीत तेजस्वी दिसू लागले तर ताबडतोब सगळं बंद करून लाईनमनला बोलवा. थ्री-फेज घरात न्यूट्रल सुटल्याचं ते लक्षण आहे, त्यात कार्डच काय, टीव्ही-फ्रीजही जातात.

अर्थिंगचा वेगळा विचार करा. अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट अर्थकडे जात असतो. अर्थच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर उभा राहतो. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. माझ्याकडे मे महिन्यात ३८ निघालं. आपल्याकडे जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठक्क पडते आणि मीठ-कोळशाचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी घातल्यावर आकडा उतरला. अर्थिंग नसल्यामुळे सहसा मशीन बंद पडत नाही, पण हेडफोनमध्ये गुणगुण, यूएसबी मध्येच तुटणं हे त्याच घरचं असतं. शिवाय जिवाचा प्रश्न आहे.

उष्णतेवर थोडक्यात. तापलं तर कार्ड आधी वेग कमी करतं, एकदम बंद पडणं नंतरची पायरी. म्हणजे अडखळत-अडखळत खेळ चालला आणि मग बंद झालं तर तिकडे बघा. मागाच्या गल्लीत राहणाऱ्यांनी तर दर दोन महिन्यांनी. इथली धूळ निराळी असते: सुताची तूस पंख्याच्या मागे, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर साचते आणि तिची घोंगडीसारखी जाडी होते. ब्रशने निघत नाही, चिमट्याने सोलून काढावी लागते. सेकंडहँड कार्डात चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलेली असू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर अशी कितीतरी कार्डं बाजारात आली, बेंगळुरू-पुण्याहून पार्सलने आपल्याकडेही पोचली. ती वाईटच असतात असं नाही, पण पेस्ट आणि पॅड बदलून मगच त्यांच्यावर भरवसा ठेवा.

डिस्प्लेच येत नसेल तर एचडीएमआयची वायर मदरबोर्डला लावलीय की कार्डाला, हे आधी बघा, कितीतरी वेळा तेवढंच असतं. जुन्या बोर्डावर बायोस अपडेट करून पाहा. त्यात सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करण्याची सोय) बंद करायला सांगितलं असेल तर आधी डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीची, आहे का ते तपासा, नाहीतर विंडोज उठणार नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून त्यातच डिस्क नव्या मांडणीची करणारं एमबीआर२जीपीटी मिळतं, डेटाचा बॅकअप घेऊन ते चालवा. आणि जुन्या पीसीआयई ३.० बोर्डासाठी आरएक्स ६५०० एक्सटी घेणार असाल तर थांबा. त्या कार्डाला बोर्डाशी डेटा नेणाऱ्या चारच लेन आहेत, ३.० वर त्याची बरीच ताकद वाया जाते. १३२ वॅटचं आरएक्स ६६०० किंवा ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० आपल्या विजेच्या मानाने जास्त शहाणपणाचं.

एवढं सगळं करूनही बंद पडत असेल तर कार्ड काढून ओळखीच्या घरी न्या, जिथे चांगला एसएमपीएस आहे आणि गल्ली वेगळी आहे. तिथे दोन तास तोच गेम चालवा. तिथेही पडलं तर मात्र कार्डच सदोष, वॉरंटीत पाठवा. बंद पडतानाचा व्हिडिओ आधी घेऊन ठेवा. मागच्या स्क्रूवरचा स्टिकर आणि सीरियल नंबरची पट्टी फाडू नका. बिल कोल्हापूरचं असो वा हुबळीचं, त्याचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं होतं. आणि पूर्ण मशीनच बसने पाठवणार असाल तर कार्ड स्लॉटमधून काढून, त्याच्याच डब्यात, वेगळं पाठवा.